शहाण्णव सख्खी भावंडं

१

शहाण्णव मासे एकाच आईबापाची लेकरं निघाले, आणि हे खरं की खोटं ते पुन्हा तपासता येईल अशी एकमेव पेटी त्याच दिवशी फ्रीझरमधून नाहीशी झाली.

ही बातमी घेऊन आमची भाची दुकानात शिरली तेव्हा मी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसलो होतो. भाची म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. समुद्री माशांच्या संशोधन संस्थेत नोकरीला आहे. एरवी आली की भिंतीवरचं एखादं बंद घड्याळ दाखवून "काका, दुकान तुमचं आणि वेळ चुकीची" असं मला चिडवते. त्या दिवशी ती घड्याळांकडे न बघताच स्टुलावर बसली. मी चिमटा खाली ठेवला.

"काका, माझ्यावर चोरीचा आळ आलाय."

मागचा पडदा सरकला आणि ही बाहेर आली. हिला सगळे खडेबाई म्हणतात. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, तांदळाच्या कणीएवढा चुन्याचा खडा असतो. मासा जगेल तसा तो थराथराने वाढत जातो. तो खडा घासून पातळ करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि वलयं मोजून माशाचं वय सांगायचं, हे काम हिने त्याच संस्थेत एकतीस वर्षं केलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. स्वभाव नावाला शोभेल असाच आहे. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तेव्हा हे मी अनुभवाने सांगतो.

"आधी पाणी पी," ही म्हणाली. "मग पहिल्यापासून सांग. रडायचं ते शेवटी."

भाचीने सांगितलं ते असं. लेपा हा चपटा मासा. बाजारात सगळ्यांत आधी संपतो. जन्मतो तो चारचौघांसारखा, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन. महिनाभराचा झाला की एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो, आणि मग हा गृहस्थ जन्मभर एका कुशीवर वाळूत पडून राहतो. वरची बाजू वाळूच्या रंगाची, खालची पांढरीशुभ्र. शहराबाहेरच्या उथळ खाडीत त्याची पिल्लं वाढतात आणि मोठी झाली की समुद्रात जातात. ती खाडी बुजवून तिथे मालगोदामं बांधायची असा बेत चालला होता. त्याचा निर्णय घ्यायला नेमलेल्या समितीने संस्थेला विचारलं होतं, खाडीतल्या लेप्याचं कूळ निरोगी आहे का. नाना घरांतले मासे तिथे एकत्र येत असतील तर खाडी ठेवायची. एकाच घरातले उरले असतील तर कूळ संपल्यात जमा. मग खाडी बुजवायची आणि बदल्यात संवर्धन केंद्रात वाढवलेली पिल्लं समुद्रात सोडायची.

हा प्रकल्प भाचीच्या नावावर होता. खाडीतल्या शहाण्णव लेप्यांच्या पराचे, म्हणजे पोहायच्या पंखाचे, तुकडे घेतले, प्रत्येकाचा अर्धा भाग आईबाप शोधायला बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला, उरलेला अर्धा एका पेटीत घालून संस्थेच्या फ्रीझरमध्ये ठेवला. अहवाल आला: सगळे एकाच जोडप्याचे.

"आणि खाडी वाचावी म्हणून सगळ्यांत जास्त भांडत होते मीच," भाची म्हणाली. "अहवाल उलटा गेला म्हणून पेटी मीच लपवली, असं सगळे म्हणतायत. समितीची बैठक दहा दिवसांनी आहे. तोपर्यंत पेटी दिली नाही तर नोकरीवरून काढतील. आणि खाडी जाईल ती जाईलच."

"फ्रीझरच्या किल्ल्या किती?"

"तीन. माझी, आमच्या विभागप्रमुख सरांची आणि संस्थेच्या शिपाईमामांची. शीतगृहालाही त्याच चालतात."

"आणि ते तुकडे तू स्वतः कापलेस ना?"

भाचीने मान खाली घातली.

"नाही मावशी."

२

त्या सकाळी तिच्या सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. विभागप्रमुख सर म्हणाले, तू जा, मी कापतो. सरांनी शहाण्णव तुकडे कापले, शहाण्णव फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी कागद पुढे केला तेव्हा भाचीने सही केली. न केलेल्या कामावर सही केली म्हणून हिने तिला माझ्यादेखत असे खडे बोल सुनावले की मला उगाचच माझी जुनी पापं आठवली.

मग ही तो कागद घेऊन खिडकीशी बसली. लांबीच्या रकान्यात अठरा सेंटिमीटरपासून तेहेतीसपर्यंत आकडे होते. वयाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

"वय का नाही लिहिलं?"

"तू गेल्यापासून वय कुणी वाचतच नाही. आता पराच्या तुकड्यावरच सगळं चालतं."

"पराच्या तुकड्यावरून आईबाप कळतात. वय कुठे कळतं?" ही स्वतःशीच म्हणाली. तिला लागलं होतं. निवृत्तीच्या समारंभात संचालकांनी "बाईंचे दगडगोटे" म्हणून विनोद केला होता आणि तिचं कपाट जिन्याखाली हलवलं होतं. ते ती विसरली नव्हती आणि मीही नाही.

फोटो पाहिले. शहाण्णव लेपे, शेजारी मोजपट्टी, सगळे वाळूच्या रंगाची बाजू वर करून. पांढऱ्या बाजूचा एकही फोटो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही संस्थेत गेलो. सरांनी उठून स्वतःची खुर्ची हिला दिली. माणूस मृदू, शर्टाला इस्त्री, टेबलावर धुळीचा कण नाही. माशांच्या संस्थेत बसूनही त्यांच्या खोलीला माशाचा वास नव्हता, याचं मला नवल वाटलं.

"बाई, तुमच्या भाचीवर आळ आला याचं मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "मी संचालकांना सांगितलंय, ती असं करणारी मुलगी नाही. पण अहवाल खोटा नाही हो. दोन-दोन वर्षांचे ऐन वाढीचे मासे, आणि सगळे एका घरातले. मी दहा वर्षं ओरडतोय की हा मासा वाचवायचा तर पिल्लं वाढवून सोडा. आता तरी लोक ऐकतील. खाडीचं मला दुःख आहे, पण खाडीपेक्षा मासा मोठा."

"तुम्ही स्वतः कापायला बसलात. कौतुक आहे," ही म्हणाली.

"मुलीची अडचण होती. त्या कापायच्या खोलीत मी एरवी पाऊल टाकत नाही. वासाने डोकं चढतं माझं."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, माणूस भला वाटतो. ही म्हणाली, मलाही वाटतो. आणि मग फाटकापर्यंत पावलं मोजत हळू चालत राहिली. हे लक्षण मी ओळखतो. घड्याळ बंद पडण्याआधी असंच थोडं हळू चालतं.

३

फाटकापाशी भांडण जुंपलं होतं. एका बाजूला होडीवाला, ज्याने ते शहाण्णव लेपे पकडून आणले होते. रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला. दुसऱ्या बाजूला पाकीटमामा. मामा संस्थेचे जुने शिपाई. हिच्या हाताखाली पंचवीस वर्षं माशांची डोकी कापून खडे पाकिटांत भरले, म्हणून हे नाव. नवीन आलेली मुलं त्यांना आधी खिसे कापणारा समजतात, आणि मामा त्यांना आठवडाभर तसंच समजू देतात.

"तुमचे क्रेट आधी धुवून आणा," मामा म्हणत होते. "गेल्या खेपेला अख्खा माल मळका. पोटं सगळी डागाळलेली. ब्रशने घासली तरी डाग निघेनात."

"माझा क्रेट मळका?" होडीवाला तापला होता. "मामा, माझ्या क्रेटमध्ये तुम्ही जेवायला बसा. माझा मासा पांढऱ्या पोटाचा होता. तुमच्याच शीतगृहात काहीतरी सांडलं असणार."

ही मध्ये पडली. होडीवाल्याला तिने सरळच विचारलं, "त्या आठवड्यात समुद्र खवळलेला होता. अर्ध्या होड्या किनाऱ्यावर होत्या. तुम्ही खरंच खाडीत गेला होता, की कुठून तरी मासे आणून दिलेत?"

मला वाटलं, आता हा माणूस आम्हा दोघांना उचलून बाहेर ठेवणार. पण तो हिच्याकडे बघत राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, माझ्या बापाने त्या खाडीत जाळं टाकलं, मी टाकतो. खाडी गेली तर मी होडी कुठे बांधू? ती बुडवायला मीच खोटे मासे देईन? पहाटेपासून दुपारपर्यंत चिखलात होतो. त्यातल्या एकाचं शेपूट कशाने तरी अर्धं खाल्लेलं होतं. मामांना विचारा. त्यावरून आम्ही हसलो होतो."

"हसलो होतो खरे," मामा म्हणाले. "मी म्हटलं, याला बसायला जागा कमी लागेल. संध्याकाळी क्रेट शीतगृहात ठेवला, कुलूप लावलं."

घरी येऊन हिने माझं भिंग डोळ्याला लावलं आणि शहाण्णव फोटो एकेक करून पाहिले. मग पुन्हा पाहिले. शेवटी भिंग काढून माझ्या हातात दिलं.

शेपूट तुटलेला लेपा त्यांत नव्हता.

४

"म्हणजे संध्याकाळी शीतगृहात ठेवलेले मासे वेगळे, आणि सकाळी फोटो काढले ते वेगळे," मी म्हणालो. "रात्रीतून क्रेट बदलला."

"चला, दुसरे कुठून आले ते बघू," असं म्हणून हिने पायांत चपला सरकवल्या.

लेप्याचं संवर्धन केंद्र शहरापासून तासाभरावर होतं. लांबलचक शेड, आत निळ्या गुळगुळीत टाक्या, पाण्याचा एकसारखा आवाज. केंद्राचे व्यवस्थापक गोल चेहऱ्याचे, बोलके; लोक त्यांना पिल्लूशेठ म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. पाहुणे आले म्हणून ते खुलले. शेवटच्या टाकीत दोन थोराड लेपे पडून होते.

"हे आमचे राजाराणी," पिल्लूशेठ म्हणाले. "सरांनी निवडलेली जोडी. पलीकडच्या सगळ्या टाक्यांतली लेकरं या दोघांचीच. वाढ बघा काय आहे."

"सगळी यांचीच?"

"सगळी. दुसरी जोडी ठेवलीच नाही. सर म्हणाले, उत्तम ते एकच असतं."

मी हिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा एखाद्या बंद दुकानासारखा होता. तिने शेजारच्या टाकीतला एक लेपा जाळीने उचलायला लावला, ओल्या हातात घेतला आणि हलकेच उलटा केला.

पांढऱ्या पोटावर काळपट डाग होते. मळल्यासारखे. घासून जाणार नाहीत असे.

"टाकीत वाळू नसली की असं होतं," पिल्लूशेठ म्हणाले. "वाळूत पुरून घ्यायला मिळालं नाही की पोटाला रंग चढतो. चवीत फरक नाही हो. वरून बघितलं तर ओळखूही येत नाही."

"गेल्या महिन्यात इथून एखादा क्रेट गेला का?"

पिल्लूशेठचं हसू थोडं आटलं. "गेला ना. संस्थेलाच गेला. खाद्याच्या प्रयोगासाठी. फोनवर निरोप आला, संस्थेच्या गाडीचा ड्रायव्हर आला, घेऊन गेला. यात चुकीचं काय?"

"निरोप कुणाचा?"

"फोन कचेरीतल्या कुणीतरी घेतला. चिठ्ठी आहे, दाखवतो."

चिठ्ठीवर माणसाचं नाव नव्हतं. प्रकल्पाचं होतं. आणि तो प्रकल्प आमच्या भाचीचा होता.

५

परतीच्या वाटेवर मी फार बोललो. घाबरलो की मी बोलतो. ही खिडकीबाहेर बघत बसली.

"आता तर सगळं तिच्याच अंगावर आलं," मी म्हणालो. "मासे तिच्या नावाने गेले, सही तिची, किल्ली तिची."

"वेडे आहात का. तिला खाडी वाचवायची होती. खाडीला बुडवणारे मासे ती स्वतःच मागवेल?"

"हे मला पटतं. समितीला पटायला हवं. आणि समिती म्हणेल, टाकीतले मासे होते कशावरून? मासे नाहीत, तुकडे नाहीत. आपल्याकडे आहे काय? मामांचा ब्रश."

तिने फक्त पदर आवरून घेतला, आणि अडतीस वर्षांत मी तिच्याशी वाद जिंकलो तो अशा दिवशी, याचं मला काही सुख वाटलं नाही. सात दिवस उरले होते. घरी भाची जेवायला थांबली आणि ताटातला घास तसाच ठेवून उठली. ती म्हणाली, "मावशी, मी राजीनामा देते. निदान हा तमाशा तरी थांबेल." ही म्हणाली, "तू राजीनामा दिलास की सगळे म्हणतील, हिनेच केलं. गपचूप जेव."

दुसऱ्या दिवशी ही पुन्हा मामांकडे गेली. मीही मागे होतोच. मामा अंगणात पाइप लावून क्रेट धूत होते.

"मामा, ते मळक्या पोटाचे लेपे, सरांचं काम झाल्यावर त्यांचं तुम्ही काय केलंत?"

"काय करायचं? नेहमीसारखं केलं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

मामांनी पाणी बंद केलं. हात पँटला पुसले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "म्हणजे बाई, नेहमीसारखं. तुम्ही शिकवलं तसं."

ते आम्हाला जिन्याखाली घेऊन गेले. तिथे हिचं जुनं कपाट होतं, वर झाडू आणि तुटक्या खुर्च्या रचलेल्या. मामांनी झाडू बाजूला केले आणि सगळ्यांत खालचा खण ओढला.

आत पाकिटं होती. लहान, तपकिरी, उभी लावलेली. प्रत्येकावर तारीख, माशाचा क्रमांक आणि पर जिथे कापला त्या जागेची खूण. ही निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कालपर्यंत. सहा वर्षांची.

हिने खणातलं त्या तारखेचं जुडगं बाहेर काढलं आणि मोजलं. पाकिटं शहाण्णव होती.

६

त्यानंतरचे चार दिवस माझ्या दुकानात एकही घड्याळ दुरुस्त झालं नाही. माझ्या टेबलावर हिचा जुना सूक्ष्मदर्शक आला, माझा दिवा हिच्याकडे गेला, आणि मी खडे घासून देणारा हाताखालचा माणूस झालो. भाची लिहून घेत होती. मामा रोज संध्याकाळी येऊन दारातूनच विचारत, किती झाले.

पहिल्या दिवशी हिने मला खाडीतल्या एका जुन्या लेप्याचा खडा दाखवला. मध्ये एक ठळक खूण, पिल्लू तळाशी बसलं आणि त्याचा डोळा सरकला त्या दिवसांची. तिच्याभोवती वलयं, कुठे दाटीवाटीने, कुठे ऐसपैस. थंडीत मासा वाढत नाही, उन्हात भराभर वाढतो, भूक पडली की थांबतो. त्याचं सगळं आयुष्य तिथे उमटलेलं होतं.

"आता हा बघा," म्हणून तिने शहाण्णवांपैकी एक सरकवला.

हा खडा बघायला माशांतलं काही कळावं लागत नव्हतं. वलयं एकसारखी, एकाच अंतरावर. यंत्रावर कापलेल्या स्क्रूचे आटे असतात तशी. या माशाने थंडी पाहिली नव्हती, भूक पाहिली नव्हती. काही खड्यांचा एक भाग तर काचेसारखा पारदर्शक झाला होता. टाकीत वाढलेल्या माशांत असं होतं, ही म्हणाली.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा खडा संपला. हिने पाठ सरळ केली आणि भाचीच्या हातातला कागद घेतला. वयाचा रकाना आता भरलेला होता. अठरा सेंटिमीटरचा मासा, दोन वर्षं. तेहेतीस सेंटिमीटरचा, दोन वर्षं. वरपासून खालपर्यंत दोन, दोन, दोन.

"एवढे लहानमोठे असून सगळे एका वयाचे?" मी विचारलं.

"टाकीत दांडगा जास्त खातो, भित्रा कमी खातो. भावंडंच ती. लांबीवरून बघाल तर वाटेल कुणी एक वर्षाचा, कुणी चार..."

ती बोलता बोलता थांबली. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग इतकी शांत हसली की माझ्या अंगावर काटा आला.

"अहो," ती म्हणाली, "चहाला पाणी ठेवा. चोर सापडला."

७

समितीची बैठक संस्थेच्या मोठ्या खोलीत भरली. अध्यक्षीणबाई टेबलाच्या टोकाला, करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. एका बाजूला संचालक आणि सर, दुसऱ्या बाजूला पिल्लूशेठ. होडीवाला इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या भिंतीशी उभा होता. मामा दारात. भाची माझ्या शेजारी बसली होती आणि तिचे हात बर्फासारखे गार पडले होते.

संचालकांनी हिला पाच मिनिटं दिली. हिने पाऊण तास घेतला, आणि कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

तिने तुटक्या शेपटाचा मासा सांगितला, जो संध्याकाळी होता आणि सकाळी नव्हता. डागाळलेली पोटं सांगितली, आणि मामा ब्रश घेऊन दारातून पुढे आले. राजाराणी सांगितले. मग पडद्यावर दोन खडे दाखवले, एक खाडीतला, एक शहाण्णवांतला. खोलीत कुजबुज झाली.

"म्हणजे मासे टाकीतले होते," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "पण बदलले कुणी?"

"शीतगृहाच्या किल्ल्या तीन. माझ्या भाचीला खाडी वाचवायची होती, ती असे मासे ठेवणार नाही. मामांनी ठेवले असते तर डाग निघेनात म्हणून ते होडीवाल्याशी भर फाटकात भांडले नसते. राहिली तिसरी किल्ली." हिने सरांकडे बघितलं. "सर, नऊ दिवसांपूर्वी तुम्ही मला म्हणालात, दोन-दोन वर्षांचे ऐन वाढीचे मासे. आठवतं?"

"म्हणालो असेन," सर म्हणाले. "खरंच आहे ते."

"खरंच आहे. पण ते मला परवा कळलं, शहाण्णव खडे वाचल्यावर. सहा वर्षांत या संस्थेत कुणी वय वाचलेलं नाही. कागदावर रकाना कोरा होता. पराच्या तुकड्यात वय नसतं. लांबीवरून कुणीही एक ते चार वर्षं सांगितली असती. सगळे दोन वर्षांचे आहेत हे फक्त एकाच माणसाला माहीत असू शकतं. ज्याने ते अंड्यातून बाहेर पडताना बघितले, त्याला."

सरांनी खिशातला रुमाल काढला, चेहरा पुसला आणि नीट घडी करून परत ठेवला. नाकारतील असं मला वाटलं होतं. पण दहा वर्षं एकच गोष्ट मनात घेऊन बसलेला माणूस, ती बोलायला मिळाली की थांबत नाही.

"मला मासा वाचवायचा होता," ते म्हणाले. "खाडी आज ना उद्या जाणारच. माझी पिल्लं समुद्रात सोडायला परवानगी मिळाली असती, तर पन्नास वर्षांनीही लोकांनी लेपा खाल्ला असता. पुरावा लागतो हो, लोक पुराव्याशिवाय ऐकत नाहीत. म्हणून दिला. मुलीचं नाव मध्ये येईल असं वाटलं नव्हतं."

"चिठ्ठीवर तिच्या प्रकल्पाचं नाव तुम्हीच घालायला सांगितलंत. आणि पेटी गेल्यावर आळ तिच्यावर जाईल हे तुम्हाला दिसत होतं," ही म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सर, खाडीला जो रोग आहे म्हणून तुम्ही दाखवलात, तो तुमच्या टाकीचा आहे. एका जोडीची लेकरं समुद्रभर सोडली असती, तर पहिल्याच साथीत सगळी एकदम गेली असती. आणि ते तुकडे कुणी राजाराणीशी ताडून बघू नयेत म्हणून पेटी उचललीत. ती कुठे आहे?"

"माझ्या विभागात. दुसऱ्या नावाची पट्टी लावून ठेवलीय." ते अगदी हळू म्हणाले, "नमुना टाकून देववला नाही."

भाचीचा हात माझ्या हातात होता. तो हळूहळू ऊबदार झाला.

अध्यक्षीणबाई दाराकडे वळल्या. "मामा, ही डोकी कापून खडे ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"बाईंनी."

"बाई तर सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या."

"हो," मामा म्हणाले. "पण थांबा असं त्यांनी सांगितलं नव्हतं."

८

एवढ्यावर खाडी वाचली नव्हती. खोटे मासे खोटे ठरले, पण खऱ्यांचं कूळ कसं आहे हे कुणाला ठाऊक होतं? ते भाचीने पुढे नेलं. तिने सांगितलं, खडा काढताना त्याला मांसाचा बारीकसा कण चिकटून येतो आणि पाकिटात वाळून राहतो. त्यातूनही आईबाप शोधता येतात. मावशीची एकतीस वर्षं आणि मामांची सहा, अशी सदतीस वर्षांची पाकिटं त्या जिन्याखाली आहेत. जगात फार थोड्या खाड्यांचा इतका सलग इतिहास कुणी ठेवला असेल.

समितीने महिनाभराची मुदत दिली. होडीवाला दुसऱ्याच दिवशी खाडीत गेला आणि नवे शहाण्णव लेपे घेऊन आला. या वेळी भाची रजेवर गेली नाही. तिने प्रत्येक मासा दोन्ही बाजूंनी स्वतः बघितला, स्वतः कापला, आणि कागदावर सही करताना मावशीकडे बघून हसली.

अहवाल आला तेव्हा भाचीने तो माझ्या दुकानात, उभ्याउभ्याच वाचला. नव्या शहाण्णवांत सख्खी भावंडं औषधालाही नव्हती. सदतीस वर्षांपूर्वीच्या लेप्यांत जितकं वैविध्य होतं, तितकंच आजच्या लेप्यांत होतं, तसूभरही कमी नाही. आणि खड्यांवरून असंही दिसलं की समुद्रात दूरवर पकडलेल्या मोठ्या लेप्यांतले दहातले सात याच खाडीत वाढलेले होते. पाळणा भरलेला होता. मी दुकानातली सगळी घड्याळं बरोबर लावली. असल्या बातमीची वेळ चुकू नये.

खाडी राखीव झाली. तसा ठराव झाला त्या दिवशी बारा होड्यांनी खाडीच्या तोंडाशी येऊन एकदम भोंगे वाजवले, आणि संस्थेच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. सरांना जावं लागलं. पिल्लूशेठने टाक्यांत वाळू टाकली आणि राजाराणीच्या शेजारी चाळीस नव्या जोड्या आणून ठेवल्या, त्याही खाडीतूनच, भाचीच्या देखरेखीखाली. सरांच्या खुर्चीवर आता भाची बसते. तिच्या खोलीला माशाचा सणसणीत वास येतो.

आणि कपाट वर आलं. चार माणसांनी ते जिन्याखालून उचललं आणि मोठ्या खोलीत, खिडकीच्या उजेडात ठेवलं. संचालकांनी त्यावर पितळी पाटी लावली, 'खडेबाई संग्रह'. दगडगोट्यांचा विनोद करणाऱ्या माणसाने भर सभेत हात जोडले, आणि हिने ते ऐटीत स्वीकारले. उगाच नको नको म्हणणाऱ्यांतली ती नाही. मला इतका अभिमान वाटला की मी सगळ्यांदेखत तिच्या पदरावरची धूळ झटकली, जी मुळात नव्हतीच.

गर्दी पांगल्यावर मामा जवळ आले. हातात कोऱ्या पाकिटांचं जुडगं होतं. पुढच्या महिन्यात तेही निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या मागे एक नवी मुलगी उभी होती, त्यांच्या जागी येणारी, हातमोजे घातलेली.

"बाई," मामा म्हणाले, "एक विचारायचं राहिलं होतं सहा वर्षं. आता थांबू का?"

हिने त्यांच्या हातातलं जुडगं घेतलं, त्यातलं सगळ्यांत वरचं पाकीट काढलं, त्यावर आजची तारीख घातली आणि ते त्या मुलीच्या हातात दिलं.

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. "ही चालू ठेवेल."